मापाड्याच्या लेकीचं माप

मिरजगाव पाहायला म्हणून कुणी जात नाही. तिथे लेणी नाहीत, धबधबा नाही, हवापालटाला गेलेल्या माणसाने मुद्दाम पत्रात लिहावं असं काहीच नाही. नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेच्या अंगाला हे गाव बसलं आहे आणि सडक त्याच्याकडे फारसं न बघता पुढे जाते. खरं सांगायचं तर मीही तिथे नाखुशीनेच निघाले होते. माझं मन सगळं भंडारदऱ्यावर. डोंगरात अडवून धरलेलं एवढं मोठं पाणी, त्यात उतरलेलं आभाळ, काठावर बसलेली मी, असं काहीबाही पुण्याला वर्गात मुली गणितं सोडवत असताना मी खिडकीबाहेर बघत रंगवत असे. मी कोकणातली. पाणी दिसलं नाही की मला घर हरवल्यासारखं होतं. तेव्हा नाताळच्या सुटीत शास्त्राची पेटी घेऊन नगर जिल्ह्यातल्या शाळांतून हिंडायला कोण जाईल, असं आमच्या शिक्षकमंडळींनी विचारलं, नि यादीत शेवटी भंडारदऱ्याजवळचं, अकोल्याकडचं गाव दिसलं, तेव्हा मी पहिला हात वर केला.

यादीतलं पहिलं गाव मिरजगाव. मी पहिल्याच गावी अडकले आणि भंडारदरा माझा राहिला तो आजतागायत राहिलाच आहे.

पेटीबद्दल थोडं सांगते. लाकडी, कड्यांची, दोन माणसांनी उचलावी अशी. आत काचेच्या नळ्या, औषध मोजायचे औंसाचे ग्लास, एक नाजूक तराजू, लोहचुंबक, भिंग, उष्णतामापक आणि सगळ्याभोवती माझी जुनी लुगडी, काच फुटू नये म्हणून. लढाई चालू होती. मोटारींचे कारखाने, दवाखाने, पाटाच्या चौक्या, जिथे तिथे खुणा वाचणारी, वजनमाप जाणणारी माणसं हवी होती आणि मिळत नव्हती. खेड्यातल्या मुलामुलींना शास्त्र आणि गणित असं शिकवायचं की शाळा सुटल्यावर त्यांच्या हाताला काम लागेल, एवढाच आमच्या मंडळींचा हेतू. हेतू चांगला होता. पेटी मात्र फार जड होती.

नगर

स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळ अजून धुक्यातच होती. छावणीकडे जाणाऱ्या लष्करी लॉऱ्या धुक्यातून येत आणि धुक्यात जात. आवाज आधी, मग दिवे, मग नुसती धूळ. टांगेवाल्याने पेटी उचलली, वाकला, पुन्हा ठेवली.

"हार्मोनियम हाय का बाई?"

"नाही. शास्त्र आहे."

"त्ये वाजतं का?" त्याने शांतपणे विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली असावी, कारण वाटेत त्याने आपण होऊन एक गाणं म्हटलं.

नगर मला फार थोडं दिसलं आणि जेवढं दिसलं तेवढं आवडलं. जुन्या दगडी कमानी, त्यांच्या खाली सायकली, चहाच्या दुकानात पितळी समोवार, आणि बोलण्यात मराठी कुठे संपते नि उर्दू कुठे सुरू होते ते कळू न देणारी माणसं. आमच्या रत्नागिरीकडे प्रत्येक बोलणं जरा हेल काढून, जरा टोचून होतं. इथे माणूस सरळ बोलतो आणि मग बराच वेळ गप्प राहतो. त्या गप्प राहण्याची मला दोन दिवसांत सवय लागली.

वाटेवर

पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला एक भट्टी बांधलेली. चढ आला की गाडी दमायची, क्लीनर उतरून भट्टी ढवळायचा आणि प्रवासी उतरून पाय मोकळे करायचे. कुणी कुरकुर करत नव्हतं. मी सुरुवातीला चिडले, नंतर मलाही बरं वाटू लागलं.

उजाडलं होतं पण ऊन अजून पातळ होतं. दोन्ही बाजूंना शाळू पोटरीतून बाहेर पडलेला, कणसं दुधात आलेली, आणि त्यावरून वारा असा सावकाश जायचा की सबंध माळ कूस बदलतो आहे असं वाटावं. मागे डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसत होता. आम्ही कितीही पुढे गेलो तरी तो तिथेच, आमच्याकडे बघत. मी डोळे मिटले की तो भंडारदऱ्याच्या पाण्यात उभा असलेला दिसे, उघडले की डोंगरावर. झोप आणि जाग यांच्यामध्ये एक जागा असते, तिथे मला सगळ्यात शहाणे विचार सुचतात. जाग आली की त्यातला एकही आठवत नाही, हे वाईट.

"संगं कोन न्हाई व्हय?" शेजारच्या म्हातारीने विचारलं.

"नाही."

"मालक?"

"लग्न नाही केलं."

तिने माझ्याकडे, मग पेटीकडे पाहिलं, आणि कनवटीची सुपारी काढून निम्मी मला दिली. सुपारी कडक होती. मी ती गाव येईपर्यंत चघळत होते.

मिरजगाव

उतरवून घ्यायला शाळेचे हेडमास्तर रामभाऊ गुरुजी आले होते. उंच, काळे, खादीची टोपी जरा मागे सारलेली. त्यांच्याच घरी माझी सोय होती. त्यांच्या पत्नी यशोदावहिनींनी पहिल्याच दिवशी शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळलेल्या कांड्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या. हुलगे म्हणजे आमचे कुळीथच. आम्ही त्यांची गुळगुळीत पिठी करतो आणि भातावर घेऊन मुकाट जेवतो. इथे त्याच धान्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. वहिनी म्हणाल्या, "तिखट झालं व्हय?" मी मानेनेच नाही म्हटलं, कारण तोंड उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा. मी ओट्यावर उभी आणि समोर सबंध वर्ग पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणतोय. काय गोड म्हणत होती मुलं. एक सूर, मध्येच एक हेलकावा, शेवटी सगळे एकदम खाली उतरत. मी ऐकता ऐकता हरवले. ती पाऊणकी म्हणजे नदीकाठची कुठलीतरी जुनी गोष्ट आहे आणि मुलं ती मला सांगताहेत असं वाटू लागलं. सूर थांबला तेव्हा मी एका मुलाला विचारलं, "ह्या ओट्याची लांबी किती असेल, मोजून सांगशील?" तो माझ्याकडे बघतच राहिला. तोंडपाठ सगळं होतं, पण हातात मोजपट्टी कुणी कधी दिली नव्हती.

"हेच बघा," गुरुजी म्हणाले. "पाढे येतात, पण पाढा कशाला लागतो ते पोरांना ठाऊक नाही. मला तरी कुणी सांगितलं होतं?"

मग आम्ही पाढे बाजूला ठेवले आणि मोजत सुटलो. ओटा मोजला, विहिरीचं पाणी दोराने मोजलं, काठीच्या सावलीवरून देवळाच्या कळसाची उंची काढली. गावातली मोठी माणसं पारावर बसून बघत होती. कळसाची उंची फळ्यावर लिहिली तेव्हा एक जण म्हणाला, "एवढा उंच न्हाई त्यो." दुसरा म्हणाला, "हाय. माझा आजा चढल्ता." त्यावर दुपारपर्यंत वाद चालला. मला वाटलं, शास्त्र गावात पोचलं.

संध्याकाळी गुरुजींनी खरं काम सांगितलं. नगरच्या एका बायकांच्या दवाखान्यात औषधाच्या खोलीत शिकाऊ म्हणून एक मुलगी घेणार होते. औषधं मोजायची, मिश्रणं करायची, पुड्या बांधायच्या. शिकून तयार झाली की आपल्या भागात दवाखाना उघडेल तिथे काम. मिरजगावात दवाखान्याची खोली होती, पण औषध द्यायला माणूस नव्हतं म्हणून कुलूप होतं. गुरुजींनी हमीदाचं नाव कळवलं होतं. सातवी पास, गणितात पहिली. पुढच्या आठवड्याच्या शेवटी नगरला परीक्षा होती आणि तिने जन्मात औंसाचा ग्लास पाहिला नव्हता.

"तिचे वडील?" मी विचारलं.

"चाँदभाई. बाजारात मापाडी आहेत, धान्य मोजतात. बायको मागेच गेली. थोरल्या मुली दिल्या. आता घरात बाप नि लेक दोघंच. हो म्हणालेत, पण एकदाच. जमलं तर जमलं, नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

हमीदा दुसऱ्या दिवशी आली. सडपातळ, डोक्यावर ओढणी, नजर खाली पण खालूनच सगळं टिपणारी. मी ग्लास तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिली. सकाळचं ऊन काचेतून तिच्या मनगटावर पडलं होतं.

"ह्या रेघा कुनी काढल्या?" तिने विचारलं.

"कारखान्यात."

"सगळ्या ग्लासांवर सारख्याच?"

"सगळ्या जगात सारख्याच."

हे तिला फार आवडलं. तिने ते पुन्हा एकदा स्वतःशी म्हटलं. आणि मी तिथेच, शाळेच्या ओसरीत बसल्या बसल्या, दहा वर्षांनंतरचं मिरजगाव पाहिलं. कुलूप काढलेली खोली, भिंतीशी ओळीने निळ्या-तपकिरी बाटल्या, खिडकीत ऊन, आणि आत पांढऱ्या लुगड्यातली हमीदा रेघेवर नजर लावून औषध ओततेय. दारात बायका पोरं काखेत घेऊन उभ्या. अशी खोली प्रत्येक गावात. प्रत्येक शाळेत एक पेटी, प्रत्येक पेटीमागे एक मुलगी. स्वप्न एवढं लख्ख होतं की मला बाटल्यांचा वास आला.

"बाई," हमीदा म्हणाली, "भरलं."

बघते तर पाणी रेघेच्या वर.

"जास्त झालं. रेघेला थांबायचं."

तिने ओतून पुन्हा भरलं. पुन्हा वर. थोडंसंच, पण वर. तिसऱ्यांदा तेच. मी तराजू काढला, मिठाच्या सारख्या वजनाच्या पुड्या करायला सांगितल्या. प्रत्येक पुडी थोडी जड. चूक कधी कमीकडे होईना, नेहमी जास्तीकडेच. गणित विचारावं तर माझ्या तोंडातून प्रश्न पुरा बाहेर येईपर्यंत तिचं झालेलं असे. अपूर्णांक, प्रमाण, सगळं. हातात माप आलं की हात वर सरकायचा.

माझा स्वभाव तापट आहे, हे माझ्या विद्यार्थिनी तुम्हाला सांगतील. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा मी भडकले. "डोळे आहेत ना तुला? रेघ दिसते ना? औषध आहे हे. जास्त झालं तर माणूस मरेल."  तिने ग्लास धुतला, पुसला, पालथा घातला आणि खाली मान घालून निघून गेली. घरी मी हे सांगितलं तेव्हा यशोदावहिनी चुलीपाशी होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "पोर आडमुठी न्हाई वो." मला स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी शेताकडे एकटीच भटकले. गुरुजींच्या भावाने हुरडा भाजला होता. शेणकुटांच्या विस्तवात कणसं, तळहातावर चोळलेले हिरवे दाणे, बरोबर लसणाची चटणी. दाणे तोंडात फुटत आणि दूध जिभेवर येई. सूर्य बुडत होता, सगळा माळ तांबूस झाला होता, आणि पलीकडे सीना नदीच्या अंगाला धूर जमिनीलगत पसरून राहिला होता, एखाद्या तळ्यासारखा. मी त्या धुराकडे बघत बसले. असा बेत होता की परवा निघायचं, पुढचं गाव, त्या पुढचं, मग डोंगर, मग पाणी. पण हमीदाचा हात वर का सरकतो हे कळल्याशिवाय माझा पाय निघणार नव्हता.

बाजार

बाजाराच्या दिवशी ते कळलं. यशोदावहिनींना ज्वारी घ्यायची होती, म्हणून मीही गेले. धान्याच्या ओळीत पोत्यांमध्ये मांडी घालून एक माणूस बसला होता. पांढरी दाढी, डोक्याला पटका, मांडीपाशी अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं माप. त्याने अधोली पोत्यात खुपसली, वर काढली, आणि तिच्यावर दाणे ओघळू लागेपर्यंत शीग चढवली. मग ती गोणीत रिती करत सुरात म्हणाला, "बरकत."

पुढची अधोली. "दोन." त्या पुढची. "तीन, तीन, तीन," असं पुढचं माप भरेपर्यंत तो आकडा घोळवत राही, विसरू नये म्हणून.

"एक का नाही म्हणत?" मी वहिनींना हळूच विचारलं.

"पहिल्याला एक म्हनत न्हाईत. आमच्यातले लाभ म्हनत्यात, चाँदभाई बरकत म्हनत्यात. एक म्हनलं की एकावरच थांबंल, अशी समजूत."

मोजणी संपली. चाँदभाईंनी दोन्ही हातांची ओंजळ भरून वर आणखी एक पसा घातला आणि गोणीवर हात फिरवला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. माप भरताना तो शेवटी किंचित वर सरकायचा. तोच हात. मनगट, बोटं, ते सरकणं, सगळं मी दोन दिवस शाळेच्या ओसरीत बघत होते आणि ओरडत होते.

दुपारी हमीदाला जवळ बसवलं. "मी रागावले, चुकलं माझं. पण मला एक सांग. रेघेवर थांबताना तुला काय वाटतं?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "काठावर थांबलं की कुनाचं तरी काढून घेतल्यावानी वाटतं. अब्बा म्हनत्यात, सपाट माप म्हंजे चोरी. घेनाऱ्याच्या पदरात शीग पडाया पायजे."

 तिच्या बापाने तिला जे शिकवलं ते खोटं नव्हतं. मी रात्रंदिवस व्याख्यानं दिली असती तरी तो हात खाली आला नसता. मी जरा विचार केला आणि वहिनींकडून वाटीभर तीळ मागून आणले; संक्रांत जवळ आली होती, घरात होते. पाचवीच्या मुलींना ओळीत बसवलं.

"हमीदा, हे सगळ्यांना सारखे वाट. शेवटच्या मुलीपाशी वाटी बरोबर संपली पाहिजे."

तिने मनाशी हिशेब केला, एक लहानसं झाकण माप म्हणून घेतलं आणि वाटायला लागली. हिशेब बिनचूक होता. झाकणही बरोबर निवडलं होतं. पण प्रत्येक झाकणावर शीग चढत गेली. ओळ संपायच्या आधीच वाटी खरवडायची वेळ आली, आणि शेवटच्या मुलीच्या तळहातावर चिमूटभर तीळ पडले.  इतरांच्या हाताकडे एकदा बघून त्या मुलीने आपला तळहात चाटला.

हमीदा रिकामी वाटी घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.  तोंड बंद ठेवण्याचं काम मला आयुष्यात फार कमी वेळा जमलं आहे, त्या दिवशी जमलं.

"म्हंजे बाई," ती म्हणाली, "मी देती ती शीग पोत्यातली न्हाई. ह्या पोरीच्या वाट्याची हाय."

"हो."

"पोतं असलं तर शीग. वाटनी असली तर रेघ."

मी तरी याहून नीट कसं सांगितलं असतं? तिने सगळ्यांचे तीळ परत वाटीत मागून घेतले, मुली कुरकुरल्या, आणि तिने झाकणावरून बोट फिरवून सपाट करत पुन्हा वाटले. शेवटच्या मुलीचं झाकण काठोकाठ भरलं. त्यानंतर तिने पेटीतला ग्लास मागितला, पाणी ओतलं, गुडघ्यावर बसून डोळा रेघेच्या पातळीला आणला. पाणी रेघेला टेकलं आणि तिथेच राहिलं.

मी पुढच्या गावांना येत नसल्याचं कळवून टाकलं. भंडारदरा मनातून खाली ठेवताना वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण परीक्षेपर्यंतचे ते दिवस फार सुंदर गेले. सकाळी ओसरीत ऊन यायचं, नळीतलं पाणी चमकायचं, हमीदा ओतायची, मी बघायची; हात अजून मधूनच वर सरके, पण रोज थोडा कमी. रोज कधीतरी चाँदभाई शाळेच्या दारात येऊन उभे राहत. आत येत नसत. लेकीच्या हाताकडे बघत आणि परत जात. एकदा मी म्हटलं, "बसा की." ते म्हणाले, "न्हाई, असाच आल्तो." चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

पुन्हा नगर

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या मोटारीने नगरला आलो. हमीदा खिडकीशी, ओठ हलताहेत, कोष्टकं म्हणत होती. चाँदभाई समोर बघत बसलेले. धुवून घडी मोडलेला पांढरा सदरा, नवा पटका.  माझ्या स्वतःच्या परीक्षांनाही मी एवढी कधी धास्तावले नव्हते.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई बुटक्या, गोऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आवाज कोरडा. मी ओळख करून देऊ लागले तशी म्हणाल्या, "तुम्ही शिकवलंत ना? मग आता तुमचं काम संपलं. तिथे बसा आणि बोलू नका. मुलीला कुणी काही सुचवलं की परीक्षा रद्द." चाँदभाईंना त्यांनी दाराबाहेर व्हरांड्यात बाक दाखवलं. ते बसले नाहीत. दारापाशी उभे राहिले.

औषधाच्या खोलीत खरोखरच माझ्या स्वप्नातल्यासारख्याच बाटल्या होत्या. निळ्या, तपकिरी, ओळीने. खिडकीतून ऊन आलं होतं. मला क्षणभर कळेना मी कुठे आहे.

हमीदाने मिश्रण मोजलं. रेघेवर. पावडरीच्या पुड्या केल्या. डॉक्टरीणबाईंनी कुठलीही पुडी उचलून तराजूत टाकावी, काटा हलू नये. तोंडी गणितं झाली. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती जरा सैल झाली.

"आता हे जहाल औषध आहे असं समज. थेंब मोजून टाक. मोठ्याने मोज, मला ऐकू आलं पाहिजे. मी थांब म्हणेपर्यंत."

हमीदाने नळी धरली.  पहिला थेंब ग्लासात पडला.

"बरकत," ती म्हणाली. "दोन. तीन. चार."

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "थांब. पहिल्या थेंबाला काय म्हणालीस?"

हमीदाच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. 

"एक कुठे गेला? मनात काहीतरी म्हणत मोजतेस तू. तीन पडले आणि तू चार म्हणालीस की चार पडले? मला कसं कळणार? इथे एका थेंबाने बाळ दगावतं." त्यांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. रागाने नाही, खेदानेच. लेखणी उचलली.

 तोंड उघडावं तर परीक्षा रद्द. मी पदर मुठीत आवळून बसले. हमीदा माझ्याकडे बघत नव्हती, ती ग्लासाकडे बघत होती. खोली एकदम लांब गेल्यासारखी झाली, माणसं पाण्याखाली असल्यासारखी.

"बाईसाब."

दारातून आवाज आला. चाँदभाई उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता उभे होते.

"पोरीला सुचवत न्हाई. मोजन्याचं सांगतो. आमी मापाडी. पहिल्या मापाला एक म्हनत न्हाई, बरकत म्हनतो. बाप आजापासनं. बरकत म्हंजी एकच. मी हितनं थेंब बघितलं, चार पडलं. ग्लासात चारच हायेत. माप बरोबर हाय."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग लेखणी खाली ठेवली. ग्लास रिता केला, धुवून हमीदापुढे ठेवला. "पुन्हा. इथे पहिल्याला एक म्हणायचं. घरी काय वाटेल ते म्हण."

"एक," हमीदा म्हणाली. "दोन. तीन."

त्यांनी किती तरी वेळ थांबवलंच नाही. थेंब पडत राहिले, उन्हात एकेक चमकून. शेवटी त्या म्हणाल्या, "पुरे. आजपासूनच राहा. वसतिगृहात जागा आहे. कपडे उद्याच्या मोटारीने मागव."

हमीदा रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली. वसतिगृहाची बाई तिला आत घेऊन गेली. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं, ओढणी सावरली, आणि आत गेली.

मोटार अड्ड्यावर मी आणि चाँदभाई कडुनिंबाखाली बसलो होतो. मिरजगावची गाडी लागली होती, भट्टी अजून पेटायची होती. माझी पुण्याची आगगाडी संध्याकाळी. मी आनंदात होते, बोलत सुटले होते. हमीदाचा हात, डॉक्टरीणबाई, गावात उघडणारी खोली. ते ऐकत होते. मग खाली जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, खरं सांगू? पहाटे गाडीत बसल्यापासनं मी एकच दुवा मागत हुतो. पोर नापास व्हावी."

मी त्यांच्याकडे वळले.

"घरात ती नि मी. रोज शाळंच्या दारात येऊन बगायचो, हात अजून चुकतोय का. चुकला की बरं वाटायचं. मग चुकंना झाला."

"आणि आज दवाखान्यात डॉक्टरीणबाई ती चुकली म्हणत होत्या, तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, ऐकली आल्लानं."

"मग बोललात कशाला? गप्प राहिला असतात तर ती आता तुमच्या शेजारी बसली असती."

त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "माप खरं हुतं बाई. खऱ्या मापाला कुनी खोटं म्हनत असताना गप बसलो असतो, तर उद्या बाजारात कुठल्या तोंडानं अधोली धरली असती? जीभ आपली आपन उठली. मी न्हाई उठवली."

भट्टी पेटली. ड्रायव्हरने हाक दिली. चाँदभाई उठले, पटका बांधला, गाडीत चढले आणि खिडकीशी बसले. हमीदा सकाळी बसली होती त्याच बाजूला, पण शेजारची जागा रिकामी होती. गाडी हलणार तेवढ्यात त्यांनी बाहेर वाकून विचारलं, "बाई, तिथं सनासुदीला पोरीस्नी घरी सोडत्यात का?"

मी ते विचारलंच नव्हतं. मला ठाऊक नव्हतं.

"सोडतात," मी म्हटलं.